मी वायर धरून

टाळ्या? नको, नको, माझ्यापुढे टाळ्यांचं नाव काढू नका! तुम्हाला सांगतो, या दोन हातांनी एकदा टाळी वाजवली आणि जे काही झालं... थांबा, मुळापासूनच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस उगाच करवादतोय.

तर लॉकडाउनमध्ये शाळा बंद. म्हणजे इमारत बंद हो, शाळा आमच्या स्वयंपाकघरात चालू! डब्यांच्या फळीखाली टेबल, टेबलावर आमचा म्हातारा लॅपटॉप आणि त्याच्यासमोर आमची लेक, जिला घरीदारी सगळे मुंगी म्हणतात. आता त्या लॅपटॉपची बॅटरी कधीच वारलेली. वायर लावली की जिवंत, वायर हलली की डोळे पांढरे! आणि वायरचं भोक असं सैल, असं सैल, की पिन वर उचलून, किंचित पिळून, श्वास रोखून धरली तरच वीज आत जाणार. पुस्तकं टेकवून पाहिली, कपड्यांचा चिमटा लावून पाहिला, रबर बांधून पाहिलं... छे! त्याला माणसाचाच हात लागतो. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "साहेब, दुकान बंद आहे, तोवर हातानं धरा." तोवर म्हणजे कधीवर? घरात दुसरा लॅपटॉप आहे, नाही असं नाही, पण तो बायकोच्या ऑफिसचा. त्याला नुसतं बोट लावलं तरी आतल्या खोलीतून आवाज येतो, "हात लावू नका हं!" तिला भिंतीतून दिसतं, काय सांगू! म्हणजे उरलं कोण? त्या काळात जगातले बाप घरी बसून काय काय शिकले! कुणी गिटार शिकला, कुणी पाव भाजायला शिकला. आणि मी? मी वायर धरून!

माझंही ऑफिस होतंच की हो! डाव्या हातात फोन, उजव्या हातात वायर. आमचे साहेब एकदा भर मीटिंगमध्ये विचारतात, "तुम्ही नेहमी असे वाकून का बसता? नम्रता आहे की कंबर?"

बरं, एवढं करून पोरगी बोलेल तर शपथ! वर्ग सुरू झाला की तोंडात मिठाची गुळणी. बाई प्रेमानं विचारायच्या, "मुंगीबाई, सांगा बघू उत्तर?" की ही माझ्याकडे बघणार, मी छताकडे बघणार. एक दिवस बाई मला म्हणाल्या, "राग मानू नका, पण मला तुमच्या मुलीपेक्षा तुमच्या मनगटाची जास्त ओळख झालीय." बरोबरच आहे, स्क्रीनवर कोपऱ्यात तेच दिसायचं. मला हसू आलं, पण मनात आलं, एवढीशी पोर, घरात कोंडलेली, तिचा आवाजच हरवतोय की काय? 

आणि मग आलं गॅदरिंग! हो, ऑनलाइन! बाईंचा उत्साह म्हणजे उतू जाणारं दूध. त्यांनी नाटक बसवलं. गोष्ट काय, तर अंधारी रात्र, वाट चुकलेलं गाव, आणि एक कंदील या मुलाकडून त्या मुलाकडे जात जात शेवटच्या घरी पोचतो. आता मुलं आपापल्या घरी, मग कंदील जाणार कसा? तर प्रत्येकानं घरी पुठ्ठ्याचा सारखा कंदील करायचा. एकानं आपला कंदील स्क्रीनवरच्या आपल्या चौकोनाच्या उजव्या कडेबाहेर न्यायचा, लगेच शेजारच्यानं डावीकडून आपला आत घ्यायचा. बघणाऱ्याला वाटणार, कंदील चौकोनातून चौकोनात गेला! कल्पना झकास, मी नाही म्हणत नाही. आणि काय नवल, आमची मुंगी आपणहून म्हणाली, "बाई, शेवटचं वाक्य मी म्हणू?" आपणहून! माझ्या हातातली पिन हलली आणि बाईंचं उत्तर ऐकायच्या आत लॅपटॉप गेला. परत लावेपर्यंत मुंगी रडकुंडीला. पण बाई हो म्हणाल्या होत्या.

मग घरात एकच घोष, "कंदील पोचला! आता सगळ्यांना वाट दिसेल!" जेवताना तेच, दात घासताना तेच. आदल्या दिवशी मला दम देते कशी, "बाबा, तू वायर नीट धर. बाकी काही करू नकोस." घ्या! मी नोकरदार माणूस, चार लोक मला ओळखतात, पण घरात माझी पदवी काय? तर वायर धरून!

बरं, नाटकाच्या दिवशी सासरेबुवा हजर. म्हणजे स्क्रीनवर हो. बाईंनी बजावलं होतं, पाहुण्यांनी कॅमेरे बंद ठेवा. सासरेबुवा म्हणतात, "नातीनं मला बघायला नको का?" आणि अख्ख्या चौकोनात नुसत्या मिशा.

झालं, नाटक सुरू. आणि तेव्हा कळलं... अहो, बाईंनी प्रत्येकाची तालीम वेगळी घेतली होती! कोणाच्या शेजारी कोण, हे सगळं त्यांच्या स्क्रीनवर बघून ठरवलेलं. आणि हे वर्गाचं चावट अ‍ॅप प्रत्येकाच्या घरी चौकोन वेगळेच मांडतं! पहिल्या मुलानं कंदील उजवीकडे दिला, तर कुणाच्या घरी तो भिंतीत गेला, कुणाच्या घरी मुख्याध्यापकांच्या टकलावर! प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच दिला. सगळ्यांनी एकदम कंदील वर! बाई ओरडतायत, "एकेकानं! अरे, एकेकानं!" कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. कुणाच्या घरातून कुत्रं भुंकतंय, कुणाची आई हळूच म्हणतेय, "खाली घे मेल्या!"

आणि आमची मुंगी? ती शहाण्यासारखी डावीकडे बघत बसलेली. डावीकडून कंदील आल्याशिवाय वाक्य म्हणायचं नाही, असं बाईंनीच शिकवलेलं ना! आणि आमच्या स्क्रीनवर डावीकडे कोण? सासरेबुवांच्या मिशा! मी कुजबुजतोय, "म्हण गं, म्हण!" ती मान हलवते. ओठ थरथरायला लागले. म्हटलं संपलं, आता ही पुन्हा तोंड उघडत नाही. आणि मला उठता येईना, तिला जवळ घेता येईना, कारण मी वायर धरून!

एवढ्यात मिशा हलल्या. सासरेबुवांनी कुठूनशी आपली जुनी टॉर्च काढली, पेटवली आणि चौकोनाच्या कडेबाहेर धरली. "घे गं माझे आई, माझ्याकडनं घे!" लग्नापासून या माणसानं माझ्या बाजूनं बोट हलवलं नव्हतं, आणि त्या दिवशी हात बरोब्बर उजवीकडे! मुंगीचे डोळे असे चमकले... तिनं डावीकडून आपला कंदील आत घेतला, उभी राहिली, आणि खणखणीत, अहो, बरण्यांची झाकणं वाजतील इतकं खणखणीत, "कंदील पोचला!"

आणि मी टाळी वाजवली.

दोन्ही हातांनी! काय करणार, बाप आहे मी! वायर खाली, स्क्रीन काळी, अर्धं वाक्य हवेत. मुंगीनं माझ्याकडे जे बघितलं ना... तसं तर साहेबांनीही कधी बघितलं नाही. मी काही बोलणार तोच बाईंचा फोन, "अहो, काय शेवट केलात! कंदील पोचला आणि एकदम अंधार! मुख्याध्यापकांचे डोळे भरून आले!" मुंगीनं फोन माझ्या हातातून ओढला. "बाई, शेवट तो नाहीच! नीट ऐका. कंदील पोचला! आता सगळ्यांना वाट दिसेल! आणि बाई, बाबानं वायर सोडली!" मग जी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. वर्षभराचं तुंबलेलं सगळं बाहेर. हल्ली आम्हाला घरात बोलायला नंबर लावावा लागतो.

यथावकाश शाळा उघडली. परवा खरंखुरं गॅदरिंग झालं, खऱ्या स्टेजवर, निवेदिका आमची मुंगी! मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, शेजारी सासरेबुवा. दोन्ही हात रिकामे! म्हटलं, आज मनसोक्त टाळ्या वाजवायच्या. मुंगी माईकपुढे आली, "नमस्का..." आणि माईक खर्र, खर्र, बंद! बाई धावल्या, शिपाई धावला, माईकवाला म्हणतो, "पिन सैल आहे." आणि आमची कन्या, जिच्या तोंडून कधी शब्द फुटत नव्हता, ती माईकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "बाई, काळजी करू नका, माझा बाबा धरेल. त्याला सवय आहे!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! सासरेबुवांनी तर उभं राहून वाजवल्या. सगळ्या हॉलनं वाजवल्या. आणि मी? स्टेजच्या कडेला उकिडवा, इस्त्रीच्या शर्टात... मी वायर धरून!