टॅबवरचं घर

बोईसरला पालघरच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं आणि त्यांच्या सालवडच्या घराचं काम पाहणारी तरुण इंजिनीअर उभी होती. चोरून ऐकू नये हे कळत होतं, पण रांगच हलत नव्हती.

“काका, निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावी लागणार ना? मग भिंती पाडणं आता बंद. काय बदलायचं ते या टॅबवरच्या घरात बदला. काम किती लांबेल, तेही इथंच दिसतं.”

“बरं तेजल, ओटा खिडकीखाली घे.”

“घेतला.”

“बाथरूम मागच्या दाराशी.”

“अहो, बांधलेलं दोनदा पाडायला लावलंत. अजून हौस फिटली नाही?”

“इथं वीट हलत नाही गं. तेजल, पुढचं दार जरा डावीकडे.”

“केलं. आता चला आत.”

“वा! इथं माझी खुर्ची. इथून ओट्याशी उभी असलेली ही दिसेल.”

“अगंबाई, ही तर आपली क्वार्टरच झाली!”

“हो की!”

“काका, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना!”

“मला तरी कुठं ठाऊक होतं? आता कशाला हात लावू नकोस. उद्यापासून असंच बांध.”

“आणि तेजल, घर होईपर्यंत यांना तिकडे फिरकू देऊ नकोस.”