ओठ दातांखाली

पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीच्या रांगेत किशोरीच्या पुढेच करंजाची कृष्णाबाई मासळीची रिकामी पाटी घेऊन उभी होती, आणि तिच्या शेजारी कॉलेजातली प्रांजल.

“खालचा ओठ दातांखाली धरा, मावशी. मग म्हणा, व्हेरी गुड.”

“वेरी गूड.”

“महिना झाला की हो! लंडनचा नातू हसेल तुम्हाला.”

“त्याचा फोन गनपतीपासून नाय. तू शिकव.”

“एवढं जमलं की शिकवणी संपली हं आपली.”

“मंग आज नाय जमत, पोरी.”

गाडी लागली तशी प्रांजल मैत्रिणींकडे पुढे पळाली. मागच्या सीटखाली पाटी सरकवायला किशोरीने हात लावला.

“व्हेरी गुड,” ओठ दातांखाली धरून कृष्णाबाई तिला म्हणाली.

“अहो, जमलं की!”

“हलू बोल, बाय. तिला आयकू येल.”