इंजिनातली मेंढरं

येरमाळ्याच्या स्टँडवर धाराशिवच्या एसटीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर खांद्यावर घोंगडी टाकलेले आजोबा आणि एक मास्तर बोलत होते.

"धुळाप्पा, नात काय करते तुमची?"

"अयोध्या? पुण्यात गेम बनवती, मास्तर. डोंगर, झाडं, मेंढरं, समदं कम्प्युटरात उभं करती."

"गेम इंजिन म्हणतात त्याला."

"व्हय, तेच. पर त्या इंजिनाला मेंढरू कुठं ठावं? भर उन्हात मेंढरं ताठ मानेनं हिंडत हुती."

"मग?"

"म्या म्हणलं, बाई, उन्हात मेंढरू दुसऱ्याच्या पोटाखाली मुंडकं घालतंय. तिनं समद्यांना तसंच उभं केलं."

"तिच्या कंपनीतले साहेब काय म्हणाले?"

"इचारलं, हे कुठं शिकलीस? तिनं मोबाइलातला माझा फोटू दाखवला."