कोपऱ्यातली नारंगी तारीख

…अन् म्हणते काय, "बाबा, फोटो जरासा खराब काढा नं!" खराब! मले! तुम्हाले सांगतो, एकतीस वर्षं झाले लाखनीत हायवेच्या बाजूले माहा फोटो स्टुडिओ आहे. एकतीस वर्षात कोणी मले "चांगला काढा" म्हणलं, कोणी "जरा गोरा काढा" म्हणलं, कोणी "पुढचे दात दिसू देऊ नका" म्हणलं, एका नवरदेवानं त "बायको माह्यापेक्षा उंच आहे, तिले खड्ड्यात उभी करा" म्हणलं, अन् केली बाप्पा, फावडं आणून खड्डा खोदला अन् उभी केली! पण "खराब काढा"? अन् म्हणणारी कोण? गिऱ्हाईक नाही, माही सख्खी पोरगी, कामिनी, चोवीस वर्षाची, नागपूरले नोकरी करते, जिच्या बारशाचा फोटो मी तीन-तीन लाइट लावून काढला… आता बोला! आहे काही बोलण्यासारखं?

झालं काय, दिवाळीले पोरगी वीस दिवसाची सुट्टी टाकून घरी आली. आली तशी बॅग फेकली अन् म्हणते, "बाबा, तुमचा कॅमेरा द्या." मले कोण आनंद! मी आपला लग्नाचा मोठा कॅमेरा काढला, लेन्स लावली, फडक्यानं पुसला, पोरीच्या हाती दिला. तिनं त्याच्याकडं असं पाह्यलं जसा मी तिच्या हाती दुधीभोपळा दिला. "हा नाही वो बाबा! याच्यात सारं साफ दिसते. तो छोटा, साबणाच्या वडीएवढा, पेन्सिल सेलवाला!"

तो डब्बा! अवो, तो डब्बा घेतला तेव्हा लोकं स्टुडिओत फोटो काढाले नाही, कॅमेरा पाहाले येत होते. मंग मोबाइल आले, अन् हा गेला अडगळीत. सापडला कुठं म्हणता? धान साठवाच्या ढोलीमांगं! त्याच्या पिशवीत कामिनीच्या आईनं सुया-दोरे भरून ठेवले होते अन् कॅमेरा तसाच उघडा-नागडा पडला होता, उंदरानं त्याची दोरी खाल्लेली. मी म्हणलं, "याचं काय करतं माय? तुह्या मोबाइलमधी त याच्या दहापट चांगला फोटो येते."

"तेच त नको नं! मोबाइलचा फोटो इतका साफ येते का खोटा वाटते. याच्यात चेहरा धुरकट येते, उजेड भसकन येते, डोळे लाल येते… म्हणून खरं वाटते! नागपूरले साऱ्या पोरी हेच घेऊन फिरून राहिल्या. माह्या मैत्रिणीच्या आईनं भंगारात टाकला होता, त ती भंगारवाल्याच्या मांगं दोन चौक धावली अन् परत आणला."

डोळे लाल येते म्हणून पाहिजे! तुम्हाले सांगतो, या तालुक्यातल्या लोकायचे लाल डोळे मी एकेक करून कम्प्युटरवर काळे केले. एका वरातीचा फोटो, दोनशे माणूस, म्हणजे किती डोळे? चारशे! त्याच्यात एकाचा एक अधू, म्हणजे तीनशे नव्व्याण्णव, तेवढे मी चार दिवस बसून काळे केले, माहे स्वतःचे लाल झाले! अन् आता पोरगी म्हणते लालच पाहिजे. म्हणजे माही सारी जिंदगी चुकली का? आता बोला! आहे काही बोलण्यासारखं?

बरं, सेल टाकले. अन् चालू झाला बाप्पा तो डब्बा! पण त्याची एक जुनी खोड आहे. सेल काढले का त्याले काहीच याद राहत नाही. नवे सेल टाकले का त्याच्यासाठी तारीख एकच… एक जानेवारी दोन हजार आठ. तिथून पुढं सरकतच नाही, अन् तीच फोटोच्या कोपऱ्यात नारंगी आकड्यात छापून येते. मी म्हणलं, "आण इकडं, तारीख नीट करून देतो." त पोरगी किंचाळलीच! "बाबा, हात नका लावू! त्या तारखेसाठीच त सारं आहे!"

मी हात काढला. तिथंच चुकलो.

मी म्हणलं, मीच काढून देतो, त म्हणते खराब काढा; ते काही मले जमत नाही म्हणलं, मंग ती अन् तिची मैत्रीण गुड्डी, दोघीच गेल्या तलावाच्या पाळीवर. कधी? दुपारी बारा वाजता! आईची हिरवी साडी नेसून, टळटळीत उन्हात, फ्लॅश मारून! डोक्यावर सूर्य उभा, अन् ह्या खालून त्याले टॉर्च दाखवून राहिल्या! फोटो पाह्यला मी. डोळे आहे, ओठ आहे, मधात नाकच नाही, उजेडानं खाऊन टाकलं. मांगचं धान तिरपं. अन् गुड्डी म्हणते, "काय भारी आला काका!" पोरखेळ आहे म्हणलं, चालू द्या.

पण त्याच दिवसात शहापूरचं स्थळ चालू होतं नं! पोरगा अमर, सत्तावीस वर्षाचा, वरठीले कारखान्यात कामाले, रोज मोटरसायकलनं जाते-येते, सुपारीचंही व्यसन नाही. अन् मुख्य गोष्ट म्हणजे आमच्या पोरीनं अकरा स्थळं नाकारले होते, अकरा! कोणाची मिशी, कोणाचं हसणं, कोणी म्हणे फोनवर "अजून काय" हेच दहा वेळा विचारते. या बाराव्याशी मात्र फोनवर बोलता बोलता हसाले लागली. कामिनीची आई रोज देवापुढं उभी राहून म्हणे, "एवढं जमू दे." अन् खरं सांगतो, मीही म्हणत होतो, फक्त मनातल्या मनात.

त पोराच्या बापानं, कृष्णरावनं, बायोडाटा अन् फोटो मागतला. फोटो कागदावरचा पाहिजे, कारण त्याईच्या घरी मोठी बहीण आहे, आनंदाबाई. नवरा गेल्यावर भावाच्या घरी आली, तेव्हा अमर दहा-अकरा वर्षाचा, त्याले आई नव्हती, हिनंच वाढवलं. घरात तिचा शब्द म्हणजे शब्द. अन् तिचं म्हणणं, "मोबाइलमधी त म्हैसही गोरी दिसते बाप्पा, मले कागदावर दाखवा!" मी कामिनीचा असा सुंदर फोटो बनवला होता, नाक सुद्धा होतं त्याच्यात! लिफाफ्यात टाकला. अन् या पोरीनं माह्या मांगं तो काढला अन् तलावावरचा टाकला! म्हणे, "मी जशी आहो तशी त्याईले दिसू द्या."

दिसली! आठ दिवस काहीच नाही, अन् नवव्या दिवशी कृष्णरावचा फोन. त्याईचा आवाज असा, जसं माणूस मयतीले आला. "चंद्रकुमार भाऊ… पोरगी चांगलीच आहे, त्यात काही वाद नाही… पण आमच्या आनंदाबाईचं म्हणणं पडलं… का पोरीचं वय जरासं जास्त आहे."

मी म्हणलं, "चोवीस जास्त आहे?"

"चोवीस नाही नं भाऊ… एक्केचाळीस."

"कोण एक्केचाळीस?"

"पोरगी."

मी फोन कानाले अजून दाबला! मांगून आनंदाबाईचा आवाज साफ ऐकू येऊन राहिला होता. "विचार त्याले, फोटोवर तारीख कोणती? दोन हजार आठ! फोटोत पोरगी केवढी? चोवीसची! तेव्हा चोवीस, त आता किती? सतरा मिळव! बायोडाटा माणूस लिहिते, तारीख मशीन लिहिते. माणूस लबाड राहते, मशीन कायले लबाडी करीन?"

आता बोला! आहे काही बोलण्यासारखं?

पोरीले सांगतलं. पहिले त ती खो-खो हसली. मंग तिनं अमरले फोन लावला, त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पाहतो त पोरगी रांधणीत बसून कांदे कापून राहिली, अन् घरी त्या दिवशी कांद्याची भाजीच नव्हती. तुम्हाले सांगतो, तिच्यावर राग इतका होता माहा, पण ते पाह्यलं अन् सारा उतरला. लहानपणी खोटं रडली का मले लगेच समजे. हे खरं होतं.

मी म्हणलं, "उठ. तोंड धू. चाल शहापूरले."

पोरीचा बाप पोरीले गाडीवर बसवून पोराच्या घरी जाते का कधी? आमच्यात नाही जात! पण गेलो. खिशात तिचा शाळेचा दाखला, तिच्या पर्समधी तो डब्बा. अंदर गेलो त आनंदाबाई खाटेवर. चष्मा लावला, कामिनीले वरून खाली पाह्यलं, खालून वर पाह्यलं, फोटो पाह्यला, परत पोरगी पाह्यली, अन् म्हणते, "अवो माय! सतरा वर्षात पोरगी जराशी बदलली नाही! काय खाते वो बाई?"

मी म्हणलं, "ती चोवीसचीच आहे! हा पाहा दाखला!"

"दाखला!" आनंदाबाई अशी हसली का खाट हलली. "माह्या दाखल्यावर जनमतारीख एक जून. ह्या कृष्णाची एक जून. आमच्या अर्ध्या गावाची एक जून! सारे एकाच दिवशी जनमलो का आम्ही? गुरुजीनं बसून मनानं टाकली. तुमची कोणती आहे, फोटोवाले भाऊ?"

मी खाली पाह्यलं. काय सांगू? एक जून.

मंग कामिनीनं पर्समधून तो डब्बा काढला. "आत्याबाई, इकडं पाहा." अन् लखकन फ्लॅश! आनंदाबाईचं तोंड अर्धं उघडं, डोळे इंगळासारखे लाल. कामिनीनं पडद्यावरचा फोटो त्याईच्यासमोर धरला. "हा आत्ताच काढला नं? तारीख पाहा." कृष्णरावनं चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं, "एक… एक… दोन हजार आठ."

मले वाटलं, झालं, समजलं! पण आनंदाबाई तो कॅमेरा सोडूनच नाही राहिली. मंग हळूच म्हणते, "दोन हजार आठमधी त हे होते."

कामिनी खाटेवर तिच्या बाजूले जाऊन बसली, अन् म्हातारीनं तिची हनुवटी धरून पाह्यली. "चोवीसचीच आहे वो. मशीनच लबाड आहे." अन् मंग पदर डोक्यावर घेतला, "अजून एक काढ. पहिल्यात मी तयार नव्हती."

दारात अमर उभा होता, ड्युटीवरून आलेला. फोन काहून नाही उचलला, त आत्यानं शपथ घातली होती म्हणे. शपथ सुटली, पोरगा हसला, पोरगी हसली, माहा जीव भांड्यात पडला! लगन जमलं! वैशाखातली तारीख काढली. मी तिथंच मनात आल्बम छापाले टाकला. एकतीस वर्षं दुसऱ्यायचे लग्न काढले, आता माह्या पोरीचं… काय लाइट लावीन, काय फोटो काढीन…

अन् आनंदाबाई म्हणते, "माही एकच अट आहे. लग्नाचे सारे फोटो ह्याच मशीननं काढाचे. तारखेले हात लावाचा नाही. त्या तारखेत हे मांडवात राहतीन."

आता याले काय म्हणाचं? पोरगी रडत हसून राहिली, अमर मान हलवून राहिला, कृष्णराव डोळे पुसून राहिले. अन् मी? एकतीस वर्षाचा फोटोग्राफर? मले काम दिलं, सेल आणून ठेवाचे! आता बोला! नाही, आता नकाच बोलू. आता बोलण्यासारखं खरंच काही राह्यलं नाही.

ही घ्या पत्रिका. सहकुटुंब या, पोटभर जेवा, तोंड भरून आशीर्वाद द्या. फक्त हात जोडून एक विनंती आहे, फोटोत उभे राहू नका. मी हिशोब लावून पाह्यला. फोटोतल्या तारखेले नवरदेव नऊ वर्षाचा आहे अन् नवरी साडेसहा. उद्या बालविवाहाची केस झाली त माहं ठीक आहे, मी पोरीचा बापच आहो, मी त जाईनच अंदर… तुम्ही कायले साक्षीदार म्हणून येता?