सहा नंबरवरची एकेचाळीस माणसं

नियंत्रक : ...आणि सहा नंबर फलाटावर आज गाडीच नाही, बाई! तिथं एकेचाळीस माणसं सामानसुमान घेऊन उभी आहेत. मी स्वतः मोजली. दोनदा.

निवेदिका : पण साहेब, मी सहा नंबर म्हटलंच नाही.

नियंत्रक : मग काय म्हटलंत?

निवेदिका : ते... मला माहीत नाही.

नियंत्रक : मग कुणाला माहीत असायचं? एकोणीस वर्षं या बसस्टँडवर घोषणा तुम्ही करता. या केबिनमध्ये तुमच्याशिवाय असतं कोण? पाल?

निवेदिका : पालसुद्धा जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाते.

नियंत्रक : विनोद नंतर. बारा सेहेचाळीसला कर्ण्यातून आवाज सुरू झाला, बारा एकोणपन्नासला थांबला. आवाज तुमचा, त्याबद्दल माझा वाद नाही. शब्द कुठले, एवढंच सांगा. आणि त्या भानगडीत दोन नंबरवरची बारा पन्नासची गाडी रिकामी गेली. एकही प्रवासी नाही! वर वेळेवर गेली! या स्टँडच्या इतिहासात पहिल्यांदा गाडी वेळेवर गेली आणि तीही रिकामी.

निवेदिका : साहेब, आधी बसा बघू. दार लावू का?

नियंत्रक : उघडंच असू दे. (बाहेरची गर्दी पाहून) बरं, लावा.

निवेदिका : मी प्रार्थना करत होते.

नियंत्रक : प्रार्थना मीही करतो. वर बघतो, म्हणतो, बाबा रे, आजचा दिवस निभावून ने. संपलं. त्याला तीन मिनिटं लागत नाहीत, आणि शब्द सगळे ओळखीचे असतात.

निवेदिका : आम्ही ख्रिस्ती. ते तुम्हाला ठाऊक आहे.

नियंत्रक : तुमची रविवारची सुट्टी मीच मंजूर करतो की.

निवेदिका : आमच्यात हे एक दान मानतात. पवित्र आत्म्याचं. प्रार्थना करता करता कधी कधी आपल्या शब्दांचा तळ लागतो हो. जे सांगायचंय ते खाली अजून हंडाभर असतं, आणि आपला पेला तर संपला. मग जिभेवर दुसरेच शब्द येतात. शिकलेले नसतात. अर्थ आपल्याला कळत नाही. ज्याला कळायचा त्याला कळतो.

नियंत्रक : म्हणजे अंगात येतं?

निवेदिका : छे हो! अंगात काही येत नाही. मी अगदी शुद्धीत असते. मनात आलं तर मध्येच थांबू शकते. एखादी गाडी लागली, तर थांबेन, गाडीची घोषणा करीन आणि पुन्हा जिथून सोडलं तिथून धरीन.

नियंत्रक : ही सोय चांगली आहे. पण मग हे कर्ण्यातून का केलंत?

निवेदिका : मी कशाला करीन कर्ण्यातून! दोन वर्षं झाली हे दान मिळून. दोन वर्षं मी लाजत होते. याच खुर्चीत बसायचे, ओठ घट्ट मिटायचे, शब्द आले की गोळीसारखे गिळायचे. आज म्हटलं, देणाऱ्यानं प्रेमानं दिलंय, आणि आपण आपले ते पाहुण्यांच्या ताटासारखं झाकून ठेवतोय. आता घ्यायचं, मोकळ्या मनानं घ्यायचं. आणि म्हणून आज पहिल्यांदाच खाली गुडघे टेकले.

नियंत्रक : कुठं टेकले?

निवेदिका : इथंच. टेबलाखाली.

नियंत्रक : टेबलाखाली काय आहे, बाई?

निवेदिका : काय आहे? माझा डबा, छत्री, आणि... अगं बाई.

नियंत्रक : पेडल.

निवेदिका : माइकचं पेडल!

नियंत्रक : हात मोकळे राहावेत, वेळापत्रक धरता यावं, म्हणून मागच्या साहेबांनी पायाचं पेडल बसवून घेतलं. त्यावर कुणी गुडघा ठेवून देवाशी बोलेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

निवेदिका : साहेब, लाल दिवा लागला असता तर मला कळलं असतं. माइक चालू झाला की तो लागायला हवा. त्याचा बल्ब गेलाय. मी तीन अर्ज दिलेत.

नियंत्रक : तो विषय नंतर.

निवेदिका : तीन महिने तो विषय नंतरच आहे.

नियंत्रक : तुम्ही हे घरी का करत नाही?

निवेदिका : घरी सहा माणसं आणि दोन खोल्या. न्हाणीघरात शिरलं की तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी दार वाजवतं. एकदा धीर करून तिथं सुरू केलं, तर सासूबाई बाहेरून ओरडल्या, "घसरलीस का गं?"

नियंत्रक : आणि तुमच्या चर्चच्या मंडळीत?

निवेदिका : आमची मंडळी फार शांत. तिथं माणसं खोकलासुद्धा रुमालात बांधून घरी नेतात. पाळकसाहेब म्हणतात, दान खरं आहे, ते तुझं आणि देवाचं आहे, दार लावून करत जा. आता मी दार कुठलं आणू? मला अख्ख्या जगात एकच दार आहे, साहेब. या केबिनचं. दुपारची पंधरा मिनिटं.

नियंत्रक : तेच तर अवघड आहे. मुख्य कार्यालयाला अहवाल द्यावा लागणार. केबिनचा गैरवापर झाला, तर निवेदकाची बदली चौकशीच्या खिडकीवर. असा नियम आहे.

निवेदिका : खिडकीला दार नाही.

नियंत्रक : खिडकीला काचसुद्धा नाही. मागच्या वर्षी फुटली, तिचा अर्ज माझ्याकडेच... ते जाऊ दे. कोण ते? दार का ढकलताय?

मावशी : मी आहे, झाडूवाली मावशी! उघडा की. दार लावून काय बसलाय दोघं? बाहेर तमाशा झालाय.

नियंत्रक : मावशी, झाडू बाहेर ठेवा.

मावशी : झाडू राहू दे, आधी ऐका. सहा नंबरवाली माणसं हलायला तयार नाहीत. मी म्हटलं, बाबांनो, इथं गाडी नाही, इथं नुसते कबुतरांचे उद्योग आहेत. तर म्हणतात, घोषणा झालीये.

नियंत्रक : पण घोषणा त्यांना कळली कशी? बाईंना स्वतःला कळली नाही!

मावशी : तो चष्मेवाला म्हातारा नाही का, रोज पेपर वाचायला येतो? रिटायर मास्तर? घोषणा सुरू झाली तशी शेजारच्या बाईनं विचारलं, "मास्तर, ही कुठली भाषा हो?" आता मास्तरला येत नाही असं काही असतं का? म्हणाला, "ही जुनी भाषा आहे, मला येते. गाडी सहा नंबरवर लागणार असं म्हणतायत." आणि उठून निघाला. त्याच्यामागं ती बाई, बाईमागं तिची तीन पोरं, आणि मग काय, मेंढरं.

नियंत्रक : पण सहाच का? चार का नाही? पाच का नाही?

मावशी : सहावर पंखा आहे ना, साहेब.

निवेदिका : अरे देवा.

मावशी : आता तो उच्चारसुद्धा समजावून सांगतोय लोकांना. म्हणे, बाईंचं व्याकरण पक्कं आहे.

नियंत्रक : पुरे. बाई, आत्ताच्या आत्ता घोषणा करा. शुद्ध, स्वच्छ, सरळ. सर्व प्रवाशांनी दोन नंबरवर यावं, जादा गाडी सोडण्यात येत आहे.

(निवेदिका खुर्चीत बसते, पेडलवर पाय ठेवते, घोषणा दोनदा करते आणि पाय उचलून तो खरंच उचललाय का ते वाकून पाहते.)

मावशी : बघून येते हं. (जाते आणि लगेच परत येते.)

नियंत्रक : काय झालं? एवढ्यात परत?

मावशी : कुणी हललं नाही. विचारतायत, आता काय म्हणाल्या बाई? काही कळलं नाही.

नियंत्रक : काही कळलं नाही? साधी भाषा होती!

मावशी : साहेब, तुम्ही या कर्ण्याखाली कधी उभे राहिलात का? तुम्ही आत बसता. आम्हाला एकोणीस वर्षं हिचं काही कळत नाही. "खर्र खर्र गाडी खर्र खर्र लागत आहे." आज मात्र पहिल्यांदा आवाज कसा गोड आला. खालून आला ना, टेबलाखालून; दाराबाहेर ऐकलं मी सगळं. कर्णा खूश झाला.

नियंत्रक : मग बाई, एक काम करा. मघासारखंच बोला. थोडंसं. म्हणजे मास्तर भाषांतर करील, आपण त्याला आधी निरोप देऊन ठेवू की...

निवेदिका : नाही, साहेब.

नियंत्रक : दोनच वाक्यं.

निवेदिका : ते गाड्या हलवायला नाहीये. ते माझं आणि देवाचं आहे. रागवा हवं तर.

नियंत्रक : रागवत नाही. (पुटपुटत) मावशी, आगारात निरोप द्या. जादा गाडी दोनवर नको, सहावरच लावा म्हणावं. माणसं गाडीकडे येत नाहीत तर गाडी माणसांकडे जाईल.

मावशी : म्हणजे मास्तर बरोबर ठरला! आता आठवडाभर त्याच्याशी बोलायची सोय नाही. जाते.

नियंत्रक : ...बसा, बाई. आता अहवाल. मी विचार केला. कारणाच्या रकान्यात लिहितो, "यंत्रातील खरखर". तीन मिनिटं कर्ण्यात खरखर झाली, प्रवाशांचा गैरसमज झाला. तुमचं नाव नाही, प्रार्थना नाही, बदली नाही. खाली फक्त सही करा.

निवेदिका : तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिताय?

नियंत्रक : खोटं कसलं? या कर्ण्यात खरखर आहेच. मावशीला विचारा. करा सही. दार तुमच्याकडेच राहील.

निवेदिका : साहेब, फार मोठं मन आहे तुमचं. देवाशप्पथ सांगते, सही करावीशी वाटतेय. हात पेनापर्यंत गेलाय, बघा.

नियंत्रक : मग?

निवेदिका : दोन वर्षं मी स्वतःच त्याला खरखर म्हणत होते. वेड लागलंय, लोक हसतील, सासूबाई काय म्हणतील. आज कुठं गुडघे टेकून कबूल केलं की हे दान आहे आणि ते माझं आहे. आणि अर्ध्या तासात सही करून देऊ, की ती खरखर होती? नाही, साहेब. खिडकीवर पाठवा. मी छत्री घेऊन बसेन. पण प्रार्थना लिहा.

नियंत्रक : प्रार्थना लिहू?

निवेदिका : लिहा.

नियंत्रक : हट्टी आहात. (लिहीत) "विषय : खासगी प्रार्थना. चुकून सार्वजनिक." भाषा?

निवेदिका : देवाला विचारा.

नियंत्रक : "भाषा : वरिष्ठांना ज्ञात." कारण... थांबा. जरा उभ्या राहा. ते स्टूल इकडे द्या.

निवेदिका : स्टूल कशाला? आणि खिशातून हे काय काढताय?

नियंत्रक : बल्ब.

निवेदिका : हा कुठं होता?

नियंत्रक : माझ्या खणात. तुमचा पहिला अर्ज आला त्याच दिवशी आणला होता, आज इकडे येताना खिशात टाकला. बसवायला स्टूल लागतं, आणि स्टूलवर मी चहा ठेवतो. म्हणून राहिलं.

निवेदिका : तीन महिने?

नियंत्रक : चहा रोज असतो, बाई. हं, लागला बघा. पाय काढा. विझला. ठेवा. लागला. झकास. आता लिहितो, "कारण : सूचक दिव्याचा बल्ब नियंत्रकाने वेळेत बसवला नाही. जबाबदारी : नियंत्रक."

निवेदिका : अहो साहेब! तुमच्यावर ठपका येईल.

नियंत्रक : अहवाल वाचायला त्यांना आठ महिने लागतात. तोवर मी निवृत्त झालेला असेन, मास्तरशेजारी बसून भाषांतरं करत असेन. दार तुमचंच. फक्त गुडघे भिंतीकडे टेका.

निवेदिका : काय बोलू, साहेब. शब्दच नाहीत.

नियंत्रक : तुम्हाला त्याची कधीपासून अडचण यायला लागली?

निवेदिका : (हसत) खरंच की.

नियंत्रक : बाई, मघाशी मी सांगितलं नाही. आवाज सुरू झाला तेव्हा मी धावत यायला हवं होतं. माझं कामच ते. पण मी तीन मिनिटं चहा हातात धरून नुसता उभा होतो. चहा गार झाला.

निवेदिका : का हो?

नियंत्रक : कुणीतरी काहीतरी मनापासून मागतंय, एवढं कळत होतं. बाकी काही नाही. (स्टूल जागेवर ठेवत) तुमच्या त्या प्रार्थनेत दुसऱ्याचं काही घालता येतं का? समजा, एखाद्याच्या घरचं. त्याला स्वतःला ते शब्दांत मांडता येत नसेल.

निवेदिका : येतं, साहेब.

नियंत्रक : तुम्हाला आधी सांगावं लागेल? काय आहे ते?

निवेदिका : नाही. मला तरी कुठं कळणार आहे?

नियंत्रक : मग घाला. तुमची सुट्टी संपलीय, पण पुढच्या गाडीला अजून सहा मिनिटं आहेत. मी दार ओढून घेतो.