वेशीचे दार आत उघडते, याबाबत

दि. १० मे १९७१. नाव सहादेव आसाराम राऊत, वय ५४, धंदा सुतारकाम, राहणार कसबे धामणठाण, जिल्हा अहमदनगर.

पोलीस स्टेशनात बोलावल्यावरून समक्ष सांगतो की, गावच्या जुन्या वेशीच्या दुरुस्तीचे काम सुशोभन समितीने काढले. दाराचे काम माझे. दोन्ही कवाडे माझ्या आज्याच्या आधीपासून मातीत रुतून उघडीच होती. दार लागलेले गावात कोणी पाहिलेले नव्हते. शेजारच्या पडक्या तटातूनही लोक ये-जा करीत, तोही समितीने बांधून बंद केला.

काल उद्घाटन होते. अध्यक्ष आप्पासाहेबांनी बाहेरून दार लोटायचे व त्यांच्यामागून माझ्या शोभाच्या लग्नाची वरात आत घ्यायची, असे ठरले. नवरदेव खर्ड्याचा. मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा.

११ वाजता आप्पासाहेबांनी लोटले. नवे काम, जरा चिकटले होते. आतून ओव्हरसियर रविकांत म्हणाले, "सगळे मदत करा, लोटा." आतली शंभर माणसे दाराला भिडली. मी म्हणालो, "सायेब, दार आत उघडतंय. तुमी लोटताय ते लावायला लोटताय. मागं सरा." ते म्हणाले, "राऊत, काम बिघडवलंत, आता अक्कल शिकवू नका." तीनदा सांगितले. मला बाजूला काढले. बाहेरून नवरदेवाचे मामा ओरडले, "मुहूर्त टळला तर आमी माघारी चाललो." हेही लिहून घ्यावे.

शेवटी यज्ञेश्वर गुरुजींनी मुलीला दाराशी उभी केली. म्हणाले, "नवरा पलीकडे, नवरी अलीकडे. हाच अंतरपाट समजा." मंगलाष्टके सुरू झाली. लोक खांदा दाराला लावून एका हाताने अक्षता टाकत होते. शेवटच्या 'सावधान'ला टाळ्या वाजवायला सगळे मागे झाले. दार उघडले.

आप्पासाहेब बाहेरून लोटतच होते. ते मुलीच्या पायाशी पालथे पडले, गुडघा फुटला. मी ढकललेले नाही. जावई त्यांना ओलांडून आत आले व हार घातला. तेव्हा गुरुजींच्या घड्याळात ११.४२.

दारात दोष नाही. रविकांत म्हणतात, पंचांसमोर पुन्हा लावून दाखवा. दाखवणार नाही. संध्याकाळी शोभा त्याच दारातून सासरी गेली. जाताना कवाडावर हात ठेवून म्हणाली, "आबा, लई चांगलं केलंय." ते दार माझ्या हाताने लागणार नाही. लावायचे तर दुसरा सुतार बघावा.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मुलीचे वाक्य ते खोडत होते, मी खोडू दिले नाही.