रागावलेली मावशी

— सरक, सरक थोडी, मलाही येऊ दे टेबलाखाली. मावशी जाड आहे, मान्य, पण एवढीही नाही... हां. बसले. आता मला उठवायचं काम तुझं. जागा मात्र झकास शोधलीस हं — शिलाई मशीनच्या मागे, चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून, अगदी राणीसाहेब! बरं, कॉफी सांडली ना? सांडली. डॉक्टरीणबाईंनी शिवायला दिलेल्या पांढऱ्याशुभ्र पडद्यांवर — आता सांगते त्यांना, तपकिरी फुलं नवी आलीत बाजारात. रागावले का? मी? रागावले की! खोटं कशाला बोलू? ओरडलेसुद्धा — "अगं बाई, माझे पडदे!" — आणि तू पसार. पुढचं पाहिलंच नाहीस. पडदे बादलीत बुडवले, साबण चोळला, संपला राग. माझा राग एवढाच, बादलीत मावणारा.

काय? जरा मोठ्यानं... बाबांनी आईला मारलं ते तू दूध सांडलंस म्हणून? कोणी सांगितलं तुला हे? — कोणीच नाही? तूच ठरवलंस? वा गं न्यायाधीशबाई! ऐक. माझ्याकडे बघू नकोस हवं तर, नुसतं ऐक. दूध तू सांडलंस. हात त्यांनी उचलला. दूध सांडलं की फडकं घ्यायचं असतं, हात उचलायचा नसतो. तू मुकाट कोपऱ्यात बसली असतीस ना, तरी त्यांना काहीतरी सापडलंच असतं. — अच्छा, म्हणून का गं मागच्या आठवड्यात तुम्ही दोघी बॅग घेऊन आलात तेव्हापासून माझ्या चपला जुळवून ठेवतेस, न मागता कॉफी आणतेस? आणि मी आपली सगळ्यांना सांगत सुटलेय, भाची कशी गुणाची! एखादा दिवस वाह्यातपणा कर की. तुझी आई तुझ्या वयात झाडावरून खाली उतरायची नाही — म्हणजे बाहेर असली की. घरात आमचे बाबा असले की आम्ही दोघी पलंगाखाली, अशाच, चिकटून. मी तिच्या कानात गोष्टी सांगत बसायचे, एकामागून एक, काहीही रचून, बाहेरचं तिला ऐकू जाऊ नये म्हणून. पण मला ऐकू यायचंच ना. आमची आई कधी ओरडायची नाही, तिच्या नुसत्या बांगड्या — जाऊ दे. कुठे भरकटले मी!

बेल वाजली. अगं, केवढी दचकलीस! थांब, आधी विचारू. कोण आहे? — ऐकलास आवाज? आईच, आली कामावरून. जा, उघड दार, आणि तूच सांग तिला, कॉफी सांडली म्हणून. काय करेल? बहुतेक हसेल माझ्या पडद्यांना. फार तर वैतागेल. हात नाही उचलणार, लाव पैज. — मी? मी बसते जरा इथेच. काही झालेलं नाही मला. तू गेलीस की पाय पसरायला जागा होईल, म्हणून. बघत काय राहिलीस, आई ताटकळलीय बाहेर. जा म्हणते ना!